वसुधाच्या नावाच्या वाट्या

मला आठ दिवस हवे होते, आत्याबाईंना साहेबीणबाई हव्या होत्या, आणि हेमाला गिळताना घशात दुखायला नको होतं. तिघींत सगळ्यात छोटं मागणं तिचं. म्हणूनच बहुधा त्याच्याकडे सगळ्यात शेवटी बघितलं गेलं.

दुपारचे दोन वाजले असतील. धरणाच्या कॉलनीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये जुनं लुगडं पसरून मी हलव्याचे दागिने ओवत बसले होते. बाजूबंद झाला होता, कंबरपट्टा अर्धा झाला होता. समोर स्टीलच्या वाट्यांच्या चवडी. एक्कावन्न. भांड्यांवर नाव घालणारा माणूस नुकताच गेला होता आणि त्याच्या यंत्राचा किरकिराट अजून दातांत होता. प्रत्येक वाटीवर एकच मजकूर: सौ. वसुधा विश्वास तांबवेकर, संक्रांत. त्यानं विचारलं होतं, "सन कुठला घालू, मावशी?" आत्याबाई म्हणाल्या, "सन नको. उरल्याच तर पुढच्या वर्षी चालतील." आमच्या सासूबाई अशा. त्यांच्या हातून वाया काही जायचं नाही.

हेमा माझी धाकटी जाऊ. लग्नाला सात महिने झालेले, पहिलीच संक्रांत. दुसऱ्या दिवशी चार वाजता तिचं हळदीकुंकू. काळी साडी, हलव्याचे दागिने, कॉलनीतल्या एक्कावन्न बायका, आणि त्यांच्यात मुख्य म्हणजे मोठ्या साहेबांच्या साहेबीणबाई. त्या ओव्हरसियरच्या क्वार्टरमध्ये आजवर कधी आल्या नव्हत्या. माझे मिस्टर ओव्हरसियर. नळाजवळचं चार खोल्यांचं क्वार्टर नुकतंच रिकामं झालं होतं, आणि ते कुणाला द्यायचं हे साहेब ठरवत असले तरी साहेबांचं कोण ठरवतं हे कॉलनीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

माझा सौदा वेगळा. "एवढं पार पडू दे," आत्याबाई म्हणाल्या होत्या, "मग जा आठ दिवस माहेरी." तीन वर्षांत मी गेले नव्हते. आई आजारी नव्हती, कुणाचं लग्न नव्हतं. मला नुसतं जायचं होतं. सकाळी कुणी हाक मारेपर्यंत लोळायचं होतं.

हेमा मोरीतून आली आणि भिंतीला धरून उभी राहिली. तोंड लालबुंद.

"ताई, थुंकीसुद्धा गिळवत नाही हो."

"मिठाच्या गुळण्या केल्यास ना?"

"चारदा. अंग बघा कसं तापलंय. मी दवाखान्यात जाऊन येते. दहा मिनिटांचं तर काम."

आतून आत्याबाईंचा आवाज आला. "कोण निघालं दवाखान्यात?"

त्या बाहेर आल्या त्या हातात पानाचा डबा घेऊनच. पितळेचा, सहा खणांचा. सुपारी, कात, लवंग, आणि लवंगेशेजारच्या खणात घरातली उरलीसुरली औषधं. कुणाचा ताप दोन दिवसांत उतरला की तिसऱ्या दिवशीच्या गोळ्या त्या खणात जायच्या. आठवड्यापूर्वी त्यांची दाढ सुजली होती. डॉक्टरांनी सात दिवसांच्या कॅप्सूल दिल्या. दोन दिवसांत ठणका थांबला, आणि राहिलेल्या वीस लाल-काळ्या कॅप्सूल लवंगेच्या शेजारी जाऊन बसल्या.

"दवाखान्यात गेलीस की डॉक्टर म्हणणार, झोपून राहा," आत्याबाई म्हणाल्या. "मग उद्या साहेबीणबाईंना हळदकुंकू मी लावू? की ही लावणार, वैजयंती?"

"तोंड काय करू, आत्याबाई? बोलता येत नाही," हेमा म्हणाली.

"हळदीकुंकवाला बोलावं कुठं लागतं? हसलं की झालं. ही घे." त्यांनी कॅप्सूल पुढं केली. "आत्ता एक, संध्याकाळी एक. उद्यापर्यंत घसा मोकळा."

हेमानं ती तळहातावर घेतली आणि बघत राहिली. "ही कसली आहे?"

"औषधाची आहे. कसली असणार?"

"पेनिसिलिनची नाही ना? मला चालत नाही. लहानपणी त्याच्या सुईनं मी मरता मरता वाचलेय. तुम्हाला दाखवलं होतं, ते कार्ड..."

आत्याबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. त्यांनी तो खाली ठेवला की मी मान खाली घालायची, ही माझी तीन वर्षांची सवय.

त्या कार्डाचं आधी सांगते. आमच्या घरात आलेल्या सुनेचं नाव बदलायचं, आणि बदललं म्हणजे बदललं. मी चंद्रप्रभा होते. ताटातल्या तांदळात नवऱ्यानं अंगठीनं वैजयंती लिहिलं आणि मी त्याच संध्याकाळी वैजयंतीच्या हाकेला ओ दिली. त्यात अवघड काही नव्हतं. हेमलता दत्ताजी इंगवले मात्र वसुधा व्हायला वेळ लावत होती. वसुधा म्हणून हाक मारली की दुसऱ्या हाकेला वळायची. घरात जो कुणी हेमा म्हणेल त्याचा दुपारचा चहा बंद, असा आत्याबाईंनी नियम केला, आणि पहिल्या महिन्यात विश्वासभाऊजींना अकरा वेळा चहा मिळाला नाही. तिच्या वडिलांनी सौ. हेमलता म्हणून पत्र धाडलं, तर आत्याबाईंनी ते दारातच पोस्टमनच्या हातात परत दिलं. "या नावाचं इथं कोणी राहत नाही."

आणि आल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात तिनं ते कार्ड दाखवलं होतं. पोस्टकार्डाएवढं, प्लॅस्टिकच्या पाकिटात जपलेलं. त्यावर त्यांच्या गावच्या डॉक्टरांनी लाल शाईनं लिहिलेलं: कु. हेमलता दत्ताजी इंगवले, वय ११. हिला पेनिसिलिन जातीचे कोणतेही औषध, सुई वा गोळी, कधीही देऊ नये. आत्याबाईंनी पहिली ओळ वाचली आणि कार्ड परत दिलं. पुढच्या ओळी वाचल्याच नाहीत. "ही कोण? आपल्यात नाही कुणी." हेमा कार्ड घेऊन माझ्याकडे आली. "ताई, तुमच्या ट्रंकेत ठेवा. माझ्याकडं सापडलं तर फाडतील. दवाखान्यात जायची वेळ आली तर तुम्ही सोबत असालच की." मी ठेवलं. माझ्या लग्नातल्या शालूच्या घडीत.

तर आत्याबाईंनी अडकित्ता खाली ठेवला.

"ते दुखणं हेमलता इंगवलेचं," त्या सावकाश म्हणाल्या. "माहेरची नाटकं माहेरी. माझी सून वसुधा आहे, आणि वसुधाला असलं काही होत नाही."

"आत्याबाई, नाव बदललं म्हणून रक्त..."

"आणि सुईनं झालं होतं ना? ही सुई आहे का? गिळायची गोष्ट आहे ही. आणि ही दातावरची आहे. मी स्वतः घेतली, मेले का मी?" मग त्यांनी हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. "माझ्यावर विश्वास नसला तर विचार तुझ्या ताईला. दवाखान्यातून तिनंच आणल्यात."

हेमानं माझ्याकडे बघितलं. तापानं डोळे चमकत होते. इतक्या विश्वासानं माझ्याकडे त्या घरात तोवर कुणी बघितलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

"ताई, ती नाही ना?"

माझ्या हातात सुई होती आणि सुईत हलव्याचे चार दाणे. कंबरपट्टा अर्धा. ही निजली तर लाडू मी वळायचे, फराळ मी, वाट्या पुसायच्या मी, आणि हळदीकुंकू पुढं ढकललं तर पार रथसप्तमीपर्यंत. आठ दिवस गेले म्हणायचे.

"नाही गं," मी म्हटलं. "साधी आहे, दातावरची. घे आणि पड जरा."

तिनं घेतली. गिळताना दुखलं म्हणून डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्याकडे बघून कसनुसं हसली. "उद्या हसायचंच आहे, तर आत्तापासून सवय," म्हणाली. मी कंबरपट्टा पुढं ओवायला घेतला. तिचा कंबरपट्टा ओवताना मनात काय चाललं होतं तेही सांगून टाकते. माझ्या पहिल्या संक्रांतीला सासरे वारलेले, त्यामुळं मला ना हलवा, ना वाट्या.

दहा मिनिटांनी ती उठून बसली. "ताई, तळहात खाजतायत."

"हलव्याची साखर लागली असेल," आत्याबाई म्हणाल्या.

"मी हलव्याला हात कुठं लावलाय?"

तिनं हात पुढं केले. मनगटापासून कोपरापर्यंत गांधी उठल्या होत्या, फुगलेल्या, लाल. बघता बघता त्या गळ्यावर चढल्या. ओठ सुजले. ती काहीतरी म्हणाली, पण जीभ तोंडात मावत नव्हती. मग शिट्टी वाजावी तसा तिचा श्वास वाजायला लागला.

"विश्वास!" आत्याबाई ओरडल्या.

भाऊजी मागच्या अंगणात होते. आत आले, बघितलं आणि ओरडले, "हेमा! हेमा!" त्या घरात ते नाव मोठ्यानं घेतलं गेलं ते तेवढंच. चहाची शिक्षा कुणी काढली नाही. मग ते लूना घेऊन सुसाट सुटले.

दवाखाना दहा मिनिटांवर, पण डॉक्टर खरमाटे धरणाच्या भिंतीवरच्या कामगारांची तपासणी करायला गेले होते. यायला पंचवीस मिनिटं लागली. तोवर मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तिची बोटं माझ्या पदराला घट्ट धरून होती, ओढत होती, सारखी आतल्या खोलीकडे. तिकडं माझी ट्रंक होती. मी तिचे हात चोळत राहिले. चोळणं सोपं होतं.

डॉक्टर दारातूनच म्हणाले, "ही रिअॅक्शन आहे. काय दिलं हिला?" पेटी उघडून सुई भरता भरता पुन्हा, जोरात, "काय दिलं? कुठली गोळी, कुठलं इंजेक्शन?"

"काही नाही," आत्याबाई म्हणाल्या. "हळद घालून दूध तेवढं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "खरं आहे का, बाई?"

"हळदीचं दूध," मी म्हटलं.

त्यांनी एक सुई दिली, मग दुसरी. जीप आणवली. तालुक्याच्या दवाखान्याकडे निघाली, पण कॉलनीच्या फाटकापर्यंतच. तिथून जीप सावकाश परत आली. चौकीदारानं फाटक उघडताना सलाम केला. त्याला वाटलं, साहेब आत आहेत.

दुसऱ्या दिवशी चार वाजता एक्कावन्न बायका आल्या. काळी साडी कुणीच नेसलं नव्हतं, एवढाच फरक. साहेबीणबाईही आल्या, मागच्या रांगेत नाही, थेट आत्याबाईंच्या शेजारी बसल्या, त्यांचा हात हातात घेऊन. "एवढ्याशा जागेत तुम्ही कशा राहता हो," म्हणाल्या आणि डोळे पुसले. फाल्गुनात आम्हाला नळाजवळचं क्वार्टर मिळालं. हळदीकुंकवानं मिळालं असतं की नाही कोण जाणे. मयतानं मात्र नक्की मिळालं.

तेराव्याला हेमाचे वडील आले, तात्या इंगवले. उंच, वाकलेला माणूस. जेवण आटोपल्यावर मला अंगणात गाठलं.

"बाई, एक विचारू? तिचं एक कार्ड होतं. प्लॅस्टिकात. अकरा वर्षांची असताना तिला सुई दिली आन् अशीच झाली होती. तवा वाचली. मी तिला शिकवलं होतं, जिथं जाशील तिथं पहिल्यांदी ते दाखवायचं, मग नाव सांगायचं. तिनं दाखवलं होतं का कुणाला?"

"कार्ड? मला नाही माहीत, तात्या."

"मग हरवलं आसंल," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "तिनं हरवलं. तिचीच चूक म्हणायची." आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी सुटका म्हणेन. पोरीची चूक निघाली म्हणजे तिला या घरात दिल्याची त्यांची स्वतःची चूक जरा हलकी होत होती. मी ती त्यांच्या हातून काढून घेतली नाही. चौदाव्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी माहेरी गेले. आत्याबाईंनी स्वतः पिशवी भरून दिली. आठ दिवस म्हणाल्या होत्या, मी दहा राहिले. सगळे दिवस पहाटे पाचलाच जाग यायची.

परत आले तर त्यांची दाढ पुन्हा सुजलेली. गाल टरारलेला, डोळा मिटायला आलेला. डॉक्टर खरमाटे घरी आले होते.

"मी तुम्हाला सात दिवसांचं औषध दिलं होतं. सगळं संपवलं होतं का?"

"दोन दिवसांत दुखायचं राहिलं, मग..."

"मग सोडून दिलंत. आता बघा, पू झालाय. बरं वाटलं म्हणून थांबायचं नसतं." कागदावर लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला. मान वर करून त्यांनी अगदी हळू विचारलं, "उरलेल्या कॅप्सूल कुठं आहेत?"

पानाचा डबा आत्याबाईंच्या गुडघ्यापाशी होता. झाकण लावलेलं. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. तीन वर्षं मी ज्या नजरेनं त्यांच्याकडे बघत आले होते, ती नजर त्या दिवशी मी त्यांच्या डोळ्यांत बघितली.

"बंबात टाकल्या मी, डॉक्टर," मी म्हटलं. "तेव्हाच. जुनं औषध घरात कशाला?"

डॉक्टरांनी लिहिलेला कागद माझ्या हातात दिला. मग पेटी बंद करून निघून गेले.

आत्याबाईंनी कमरेच्या किल्ल्या सोडल्या आणि माझ्यापुढं ठेवल्या. "मीच मारली गं तिला," म्हणाल्या. "तू झाकलंस." त्यानंतर त्या घरात त्यांनी अडकित्ता कधी खाली ठेवला नाही. म्हणजे ठेवला तरी कुणी मान खाली घातली नाही. नऊ वर्षं जगल्या, आणि नऊ वर्षं मला विचारल्याशिवाय पान खाल्लं नाही. मीच मारली, हे रोज स्वतःशी म्हणायच्या. मी रोज ऐकायची, आणि एकदाही दुरुस्त केलं नाही.

दुरुस्त करण्यासारखं होतं. त्या दाढेच्या कॅप्सूल आणायला मी गेले होते हे त्यांनी सांगितलंच होतं, पण खिडकीपाशी काय झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं. कंपाउंडरनं पुडी बांधता बांधता विचारलं होतं, "पेनिसिलिन जातीचं औषध आहे हे, वहिनी. ज्यांना द्यायचं त्यांना त्याचा त्रास नाही ना?" मी म्हटलं, "सासूबाईंना नाही." तो म्हणाला, "मग त्यांनाच द्या, दुसऱ्या कुणाला नको. आणि सात दिवस पुरते संपवा." मी मान हलवली आणि पुडी घेऊन आले. म्हणजे त्या दुपारी ती कॅप्सूल कसली आहे हे त्या खोलीत एकाच बाईला माहीत होतं. आत्याबाईंनी दिली ती माहीत नसताना. हेमानं घेतली ती मला विचारून.

मरेल असं वाटलं नव्हतं. हे म्हणायची सोय आहे, म्हणून म्हणून ठेवते. थोडं खाजेल, चार दिवस तोंड सुजेल, काळ्या साडीत जरा कमी छान दिसेल, इतपत वाटलं होतं.

पुढच्या मार्गशीर्षात विश्वासभाऊजींचं दुसरं लग्न झालं. मुलगी कऱ्हाडकडची, सुनंदा. ताटात तांदूळ पसरले, भाऊजींनी अंगठी हातात घेतली आणि विचारलं, "काय नाव लिहू?" आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं, कारण किल्ल्या माझ्याकडे होत्या.

"वसुधा," मी म्हटलं.

भाऊजींची अंगठी तांदळावर थांबली. "वहिनी..."

"वाट्या आहेत की," मी म्हटलं. "सन घातलेला नाही."

त्यांनी लिहिलं. संक्रांतीला माळ्यावरनं पोतं उतरवलं, वाट्या चिंच लावून घासल्या, आणि नव्या क्वार्टरच्या चार खोल्यांत एक्कावन्न बायकांना वाटल्या. नवी वसुधा हलव्याच्या दागिन्यांत फार गोड दिसली. कंबरपट्टा मला नव्यानं ओवावा लागला नाही; जुना डब्यात चांगला राहिला होता. साहेबीणबाई म्हणाल्या, "वाटी जाड आहे हो, टिकेल."

टिकल्या. सदतीस वर्षं झाली, कॉलनी उठली, माणसं पांगली, पण कुणाच्या ना कुणाच्या घरी त्या वाटीत अजून चटणी वाढली जाते. परवा वसुधा माझी ट्रंक आवरत होती. गुडघ्यांमुळं मला आता खाली बसवत नाही. शालूच्या घडीतून प्लॅस्टिकचं पाकीट पडलं. लाल शाई गुलाबी झालीय, पण वाचता येतं.

"ताई, ही हेमलता इंगवले कोण?"

"या नावाचं इथं कोणी राहत नाही," मी म्हटलं. तिनं कार्ड परत घडीत ठेवलं. ती गरीब आहे, दुसऱ्यांदा विचारत नाही.

तर मला आठाचे दहा दिवस मिळाले, आणि वर किल्ल्या. आत्याबाईंना साहेबीणबाई मिळाल्या, भाऊजींना बायको, माझ्या मिस्टरांना चार खोल्या, तात्यांना पोरीची चूक, एक्कावन्न बायकांना एक्कावन्न वाट्या. सगळ्याचं मोल एकट्या हेमलतानं दिलं, आणि तिचं नाव आमच्या घरात त्या कार्डावर तेवढं आहे.